गेम खेळणे आणि गेम घडविणे : संगणकाचे भाग कसे निवडावेत?

जालना जिल्ह्यातील जाफराबाद हे केळना आणि पूर्णा या नद्यांच्या संगमावरील तालुक्याचे गाव. याच केळनेच्या वरच्या अंगाला, शेजारच्या भोकरदन तालुक्यात असई आहे. तेथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसले यांच्या फौजा आणि आर्थर वेलस्ली याची इंग्रजी फौज यांच्यात मोठी लढाई झाली. परदेशी कंपन्यांनी युरोपातील असंख्य लढाया संगणकाच्या पडद्यावर आणल्या आहेत आणि त्या या भागातील तरुणही मोबाइलवर आवडीने खेळतात. केळनेच्या काठची लढाई पडद्यावर आणायची, तर मात्र खेळणाऱ्याला खेळ घडविणारा व्हावे लागेल. त्या कामाला मोबाइल पुरत नाही. चांगला डेस्कटॉप संगणक लागतो.

असा संगणक ही कापूस-सोयाबीनवर घर चालविणाऱ्या कुटुंबासाठी लहान खरेदी नव्हे. शहरातल्या ग्राहकाला चुकीचा भाग दुसऱ्या दिवशी दुकानात नेऊन बदलता येतो. जाफराबादच्या ग्राहकाला त्यासाठी जालना किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते. ऑनलाइन मागविलेली वस्तू सेवा केंद्रात गेली, तर ती परत येईपर्यंत काही आठवडे काम बंद राहू शकते. त्यामुळे येथे भाग निवडताना वेगाइतकाच टिकाऊपणाचा आणि स्थानिक परिस्थितीचा विचार करावा लागतो.

खेळणाऱ्याची आणि घडविणाऱ्याची गरज

दुकानात ‘गेमिंग पीसी’ म्हणून जो संगणक दाखविला जातो, तो खेळणाऱ्याला डोळ्यांसमोर ठेवून जुळविलेला असतो. तयार गेम चालविताना मुख्य भार ग्राफिक्स कार्डावर पडतो. प्रोसेसरचे मोजकेच गाभे, म्हणजे ‘कोअर’, पूर्ण क्षमतेने कामाला लागतात आणि बहुतेक गेमना १६ जीबी रॅम पुरते. त्यामुळे विक्रेता बहुतेक रक्कम ग्राफिक्स कार्डात घालतो आणि रॅम, साठवण, वीजपुरवठा यांत काटकसर करतो.

गेम घडविणाऱ्याचा दिवस वेगळा असतो. त्याच्या पडद्यावर एकाच वेळी गेम इंजिनचा संपादक, त्रिमितीय आकृत्या बनविणारे सॉफ्टवेअर, चित्रे रंगविण्याचे सॉफ्टवेअर, कोड लिहिण्याची खिडकी आणि माहिती शोधण्यासाठी ब्राउझर उघडा असतो. या साऱ्यांना रॅम लागते. कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणे, म्हणजे ‘कंपाइल’ करणे, तसेच दृश्यातील छायाप्रकाश आधीच गणून ठेवणे ही कामे प्रोसेसरचे सर्व गाभे वापरू शकतात. हजारो लहान फाइली सतत वाचल्या-लिहिल्या जातात, त्यामुळे साठवणीचा वेगही महत्त्वाचा ठरतो. दोन्ही कामांसाठी एकच संगणक घ्यायचा असेल, तर घडविण्याची गरज आधी भागवावी. त्या गरजेला पुरणारा संगणक खेळण्यालाही पुरतो. उलट नेहमीच घडते असे नाही.

आधी काम ठरवा

भागांची यादी करण्यापूर्वी कोणत्या प्रकारचा गेम बनवायचा, हे कागदावर लिहिणे उपयुक्त ठरते. असईच्या लढाईचेच उदाहरण घेऊ. नकाशावर सोंगट्यांसारख्या पलटणी हलविण्याचा द्विमितीय गेम करायचा असेल, तर ‘गोदो’ हे मोफत आणि मुक्त स्रोत इंजिन पुरेसे आहे. त्यासाठी वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेला साधा संगणकही चालतो. ‘युनिटी’मध्ये मध्यम दर्जाचा त्रिमितीय मोबाइल गेम करायचा असेल, तर सहा गाभ्यांचा प्रोसेसर, १६ ते ३२ जीबी रॅम आणि मध्यम ग्राफिक्स कार्ड हवे. नदीचे पात्र, धूर, तोफा आणि शेकडो सैनिक असलेले वास्तवदर्शी दृश्य ‘अनरियल इंजिन ५’मध्ये उभारायचे असेल, तर गरज बरीच वाढते. हे इंजिन बनविणाऱ्या एपिक गेम्स कंपनीच्या शिफारशीत ३२ जीबी रॅम आणि ८ जीबी किंवा अधिक ग्राफिक्स स्मृतीचा उल्लेख आहे.

महाराष्ट्रात या मार्गाने गेलेल्यांचे ठळक उदाहरण पुण्यातील ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या छोट्या चमूचे आहे. भारतीय पुराणकथांवर आधारलेला त्यांचा ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा गेम अनरियल इंजिन ४ वर तयार झाला आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधी २०१७ मध्ये लोकवर्गणीतून निधी उभारण्याचा त्यांचा प्रयत्न फसला होता. असा गेम पूर्ण व्हायला वर्षे लागतात. म्हणून त्यासाठीचा संगणकही तीन-चार वर्षे सलग साथ देणारा हवा.

वीजपुरवठा : निवडीची पहिली पायरी

बहुतेक खरेदीदार प्रोसेसरपासून सुरुवात करतात. ग्रामीण महाराष्ट्रात सुरुवात भिंतीवरील प्लगपासून करणे शहाणपणाचे ठरते. शेतीपंपांच्या वेळेत विजेचा दाब वर-खाली होणे, वळवाच्या पावसात वीज अचानक जाणे आणि झटक्याने परत येणे हा नेहमीचा अनुभव आहे. संगणक घेण्यापूर्वी वायरमनकडून घराची अर्थिंग तपासून घ्यावी. अर्थिंग नसेल तर कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येतात आणि महागडे भाग निकामी होण्याचा धोका वाढतो.

संगणकातील एसएमपीएस हा भाग २३० व्होल्टच्या विजेचे १२ व्होल्ट आणि त्याहून कमी दाबाच्या स्थिर विजेत रूपांतर करतो. तो निकृष्ट असेल तर जळताना मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्डालाही सोबत नेतो. म्हणून कॅबिनेटसोबत फुकट मिळणारा, नाव नसलेला एसएमपीएस वापरू नये. ‘८० प्लस’ हे प्रमाणपत्र कार्यक्षमतेचे आहे. त्यातील ब्राँझ किंवा गोल्ड दर्जा पाहावा. मात्र संरक्षक मंडले आणि वॉरंटीची वर्षेही तपासावीत, कारण हे प्रमाणपत्र टिकाऊपणाची हमी देत नाही.

किती वॉटचा एसएमपीएस घ्यावा, याचा हिशेब सोपा आहे. मध्यम प्रोसेसर भाराखाली सुमारे ९० वॉट घेतो, मध्यम ग्राफिक्स कार्ड १५० ते १८० वॉट घेते, उरलेल्या भागांना ५० ते ६० वॉट लागतात. एकूण बेरीज ३३० वॉटच्या आसपास येते. क्षणिक झटके आणि भविष्यातील बदल गृहीत धरून ५५० ते ६५० वॉटचा एसएमपीएस योग्य ठरतो.

यूपीएस घेताना एक गफलत हमखास होते. खोक्यावरील मोठा आकडा ‘व्हीए’चा असतो, वॉटचा नसतो. ६०० व्हीएचा सामान्य यूपीएस सुमारे ३६० वॉट भार पेलतो. वरील संगणक आणि मॉनिटर मिळून पूर्ण भार तेवढाच होतो. म्हणजे वीज गेली त्या क्षणी हा यूपीएस दम टाकण्याचीच शक्यता अधिक. अशा संगणकाला १००० व्हीए किंवा अधिक क्षमतेचा यूपीएस हवा. शक्य असल्यास तो ‘शुद्ध साइन वेव्ह’ प्रकारचा घ्यावा, कारण आधुनिक एसएमपीएसची जुळवणी त्याच्याशी अधिक चांगली होते. यूपीएसचे काम पाच-दहा मिनिटांत फाइल जतन करून संगणक बंद करू देणे एवढेच आहे, त्यावर तासभर खेळणे नव्हे. घरात इन्व्हर्टर असल्यास तो साइन वेव्हचा आहे का, त्याची क्षमता पुरेशी आहे का आणि त्यावर ‘यूपीएस मोड’ आहे का, हे पाहावे. साध्या मोडमध्ये वीज बदलण्याचा काळ जास्त असल्याने संगणक बंद पडू शकतो.

प्रोसेसर आणि मदरबोर्ड

सहा गाभे आणि बारा थ्रेड ही आज गेमनिर्मितीची व्यवहार्य पहिली पायरी मानता येईल. अनरियलमध्ये सी प्लस प्लस भाषेत मोठे काम करायचे असेल, तर आठ किंवा अधिक गाभे वेळ वाचवितात. मात्र गाभे वाढविताना रॅम विसरून चालत नाही. कंपाइल करताना एकाच वेळी चालणारी प्रत्येक प्रक्रिया स्वतःसाठी एक ते दोन जीबी स्मृती मागते. सोळा थ्रेड आणि १६ जीबी रॅम अशी जोडी केली, तर निम्मे थ्रेड रिकामे बसण्याची वेळ येते.

एएमडीच्या ज्या प्रोसेसरच्या नावात ‘एक्सथ्रीडी’ असते, त्यांत जवळची स्मृती, म्हणजे ‘कॅश’, मोठी असते. खेळताना तिचा फायदा स्पष्ट दिसतो. कंपाइलच्या कामात तो तुलनेने कमी असतो. त्याच पैशांत अधिक गाभे मिळत असतील, तर घडविणाऱ्याने गाभ्यांना पसंती द्यावी. नावाच्या शेवटी ‘एफ’ हे अक्षर असलेले प्रोसेसर थोडे स्वस्त मिळतात, पण त्यांत अंगभूत ग्राफिक्स नसते. ग्राफिक्स कार्ड दुरुस्तीला गेले की असा संगणक पडदा दाखवूच शकत नाही. सेवा केंद्र दूर असलेल्या गावात अंगभूत ग्राफिक्ससाठी दिलेले थोडे जास्त पैसे अशा वेळी वसूल होतात.

मदरबोर्डवरील प्रोसेसरचे खोबण, म्हणजे ‘सॉकेट’, पुढील वर्षांची दिशा ठरविते. एएमडीचे ‘एएम ५’ सॉकेट २०२२ मध्ये आले आणि कंपनीने त्याला २०२७ व त्यापुढेही साथ देण्याचे जाहीर केले आहे. त्यामुळे बोर्ड तोच ठेवून प्रोसेसर बदलण्याची शक्यता राहते. त्याआधीचे ‘एएम ४’ सॉकेट जुन्या डीडीआर ४ रॅमवर चालते. कमी खर्चात ते उपयोगी पडते, पण तेथून पुढे नेणारी वाट फारशी उरलेली नाही. बोर्ड घेताना रंगीत दिव्यांकडे पाहू नये. रॅमच्या चार खाचा, एसएसडीसाठी किमान दोन एम.२ खाचा आणि प्रोसेसरला वीज देणाऱ्या भागावरील उष्णताशोषक पट्ट्या या गोष्टी पाहाव्यात.

रॅम

घडविणाऱ्यासाठी ३२ जीबी हे योग्य प्रमाण आहे. एकच ३२ जीबीची पट्टी घेण्यापेक्षा १६ जीबीच्या दोन पट्ट्या घ्याव्यात. प्रोसेसर दोन मार्गांनी एकाच वेळी माहिती आणतो आणि वेग वाढतो. डीडीआर ५ च्या चार पट्ट्या लावल्यास वेग अनेकदा खाली आणावा लागतो. म्हणून पुढे ६४ जीबी लागणार हे निश्चित असेल, तर सुरुवातीलाच मोठ्या क्षमतेच्या दोन पट्ट्या घेणे हिताचे ठरते. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या माहिती केंद्रांकडून मागणी वाढल्याने रॅमचे भाव झपाट्याने चढले. त्यामुळे जुन्या दरपत्रकावर विसंबू नये. पैसे अपुरे असल्यास आधी १६ जीबीची एक पट्टी घेऊन, नंतर त्याच बनावटीची दुसरी जोडता येते. तोपर्यंत वेग थोडा कमी मिळेल.

ग्राफिक्स कार्ड

सर्वाधिक पैसा येथे लागतो आणि सर्वाधिक फसगतही येथेच होते. पहिली गोष्ट कार्डावरील स्मृती. एकाच नावाचे कार्ड दोन वेगवेगळ्या क्षमतांत विकले जाते. उदाहरणार्थ, एनव्हिडियाचे ‘आरटीएक्स ५०६० टीआय’ आणि एएमडीचे ‘आरएक्स ९०६० एक्सटी’ ही २०२५ मध्ये आलेली कार्डे ८ जीबी आणि १६ जीबी अशा दोन्ही रूपांत आहेत. खेळणाऱ्याचे काम मध्यम दर्जाच्या चित्रावर ८ जीबीत भागू शकते. घडविणाऱ्याने मात्र १२ किंवा १६ जीबीचा विचार करावा, कारण गेम इंजिन आणि त्रिमितीय आकृत्यांचे सॉफ्टवेअर दोन्ही एकदम उघडे असताना स्मृती लवकर भरते. इंटेलचे २०२४ च्या अखेरीस आलेले ‘आर्क बी ५८०’ हे १२ जीबीचे कार्डही या गटात मोडते.

दुसरी गोष्ट सॉफ्टवेअरची जुळवणी. ‘ब्लेंडर’ हे त्रिमितीय काम करणारे मोफत सॉफ्टवेअर तिन्ही कंपन्यांची कार्डे वापरते. तरी अंतिम चित्र तयार करण्याच्या कामात एनव्हिडियाच्या कार्डांना जुन्या आणि व्यापक पाठबळाचा लाभ मिळतो. केवळ खेळणे आणि गेम इंजिन एवढेच काम असेल, तर त्याच किमतीत अधिक स्मृती देणारे कार्ड घ्यावे.

वापरलेली कार्डे स्वस्तात मिळतात. ती घ्यायची झाल्यास डोळ्यांसमोर अर्धा तास पूर्ण भारावर चालवून पाहावीत आणि मूळ बिल मागावे. शेवटी, कार्डाची लांबी कॅबिनेटमध्ये मावते का आणि त्याला लागणारी वीजजोडणी एसएमपीएसवर आहे का, हे टेपने मोजून आणि डोळ्यांनी पाहूनच पैसे द्यावेत.

साठवण आणि राखीव प्रत

एक टीबीची एनव्हीएमई एसएसडी ही किमान गरज आहे. अनेक मोठे गेम एकेकटेच शंभर जीबीहून अधिक जागा घेतात आणि गेम इंजिनलाही काही दहा जीबी लागतात. एसएसडी ‘जेन ४’ प्रकारची पुरेशी आहे. ‘जेन ५’ अधिक तापते आणि तिचा वेग या कामात क्वचितच जाणवतो. शक्य असल्यास दोन एसएसडी ठेवाव्यात. एकीवर विंडोज आणि सॉफ्टवेअर, दुसरीवर स्वतःचे काम.

कामाची राखीव प्रत ही तर सवयच लागायला हवी. फाइल लिहिली जात असताना वीज गेली, तर महिन्यांची मेहनत एका क्षणात खराब होते. आठवड्यातून एकदा बाहेरच्या हार्ड डिस्कवर प्रत काढून ती संगणकापासून वेगळी ठेवावी. ‘गिट’ ही मोफत प्रणाली कामाच्या प्रत्येक टप्प्याची नोंद ठेवते आणि चुकले तर मागच्या टप्प्यावर परत जाता येते. तिचा अभ्यास पहिल्याच महिन्यात करावा.

ऊन आणि धूळ

मे महिन्यात जालना जिल्ह्याचा पारा चाळिशी ओलांडतो. पंख्याने थंड होणारा कोणताही भाग खोलीच्या तापमानाखाली जाऊ शकत नाही. २५ अंशांच्या वातानुकूलित खोलीत ७० अंशांवर राहणारा प्रोसेसर ४० अंशांच्या खोलीत साधारण ८५ अंशांवर जातो. त्यामुळे परदेशी चाचण्यांतील तापमानाचे आकडे येथे जसेच्या तसे लागू होत नाहीत. प्रोसेसरसोबत आलेल्या पंख्याऐवजी उभा, मोठा हवेचा कूलर घ्यावा. पाण्यावर चालणाऱ्या कूलरचा पंप बिघडला, तर तो गावात दुरुस्त होणे कठीण. हवेच्या कूलरचा पंखा मात्र कोठेही बदलता येतो.

कॅबिनेटचा पुढचा भाग काचेचा नसून जाळीचा असावा. पुढून दोन पंखे हवा आत घेतात आणि मागून एक बाहेर टाकतो, ही रचना पुरेशी आहे. काळ्या मातीची धूळ आणि कापसाचे तंतू जाळीत अडकतात. म्हणून काढता-घालता येणारी गाळणी असलेले कॅबिनेट घ्यावे आणि ती महिन्यातून एकदा झटकावी. पत्र्याच्या छपराखालील खोलीत संगणक भिंतीला चिकटवून ठेवू नये. पाण्याच्या कूलरची ओलसर हवा थेट कॅबिनेटवर येणार नाही, याचीही दक्षता घ्यावी.

पैशांची वाटणी

मॉनिटर वगळून शंभर रुपये खर्चायचे असतील, तर ढोबळमानाने तीस रुपये ग्राफिक्स कार्डाला, पंचवीस प्रोसेसर व मदरबोर्डला, पंचवीस रॅम व एसएसडीला आणि वीस एसएमपीएस, यूपीएस व कॅबिनेटला द्यावेत. शेवटचे वीस रुपये छाटण्याचा मोह सर्वाधिक होतो आणि तोच सर्वांत महागात पडतो. सारे पैसे एकदम उपलब्ध नसतील, तर एसएमपीएस, मदरबोर्ड आणि अंगभूत ग्राफिक्स असलेला प्रोसेसर आधी चांगले घ्यावेत. ग्राफिक्स कार्ड पुढील हंगामात बसविता येते. तोपर्यंत द्विमितीय गेम, कोडलेखन आणि ब्लेंडरचा अभ्यास सुरू राहतो.

मॉनिटर निवडताना खेळणारा पडदा दर सेकंदाला किती वेळा बदलतो, ते पाहतो. घडविणाऱ्याने रंग अचूक दाखविणारा आयपीएस पडदा घ्यावा. २७ इंची, १४४० रेषांचा पडदा कामाला मोकळी जागा देतो. मात्र त्यावर गेम चालविण्यास अधिक ताकदीचे कार्ड लागते. मध्यम कार्डाला २४ इंची, १०८० रेषांचा पडदा शोभतो.

खरेदी करताना जीएसटी क्रमांक असलेले पक्के बिल घ्यावे आणि प्रत्येक भागाचा अनुक्रमांक त्यावर लिहून घ्यावा. वॉरंटी भारतात लागू आहे का आणि सेवा केंद्र कोणत्या शहरात आहे, हे आधी विचारावे. खोकी वॉरंटी संपेपर्यंत जपून ठेवावीत. विंडोज १० ला मिळणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्याने नव्या संगणकावर विंडोज ११ किंवा लिनक्सच घालावे.

पालकांची शंका

मुलगा किंवा मुलगी ‘गेमसाठी’ संगणक मागते, तेव्हा घरात काळजी वाटणे स्वाभाविक आहे. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन गेमवर केंद्र सरकारने २०२५ च्या कायद्याने बंदी घातली; गेमनिर्मिती आणि ई-स्पोर्ट्स यांना त्याच कायद्याने उत्तेजन देण्याची भूमिका घेतली आहे. दोहोंतील फरक घरात समजावून सांगणे गरजेचे आहे. सर्वांत चांगला पुरावा मात्र कामाचाच असतो. घरात किंवा महाविद्यालयात असलेल्या जुन्या संगणकावर गोदोमध्ये एखादा छोटा गेम पूर्ण करावा आणि तो मित्रांकडून खेळवून घ्यावा. तो पूर्ण झाला, तर पुढील खर्चाला आधार मिळतो. अर्धवट सुटला, तर मोठी रक्कम वाचते.

नवा संगणक आल्यावरही तो जुना संगणक विकू नये. खेळणाऱ्या बहुसंख्य लोकांकडे साधीच यंत्रे असतात आणि आपला गेम त्यांवर चालतो की नाही, हे त्या जुन्या यंत्रावरच कळते. असईची लढाई कधी पडद्यावर आली, तर ती प्रथम जाफराबादच्या एखाद्या साध्या संगणकावर अडखळता चालली पाहिजे.